घरचं पेट्रोल, कामाचं पेट्रोल

अष्टमी, रोहा
६ मे २०२४

ती. दिपिकाताईंना
प्रणिताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळी खुशाल आहेत. आईंचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, छकुली सुट्टीत दिवसभर उन्हात असते, आणि तुमचे बंधुराज रात्रपाळी करून आत्ता पलीकडच्या खोलीत झोपलेत. म्हणूनच फोन केला नाही. आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी ऐकू जातं, आणि जे सांगायचंय ते इतक्यात त्यांच्या कानावर जायला नको. शेजारचे काळुरामदादा रोज एसटीने पेणला कामाला येतात, त्यांच्या हाती हे पाकीट देते.

ताई, मला काम मिळतंय. काम होतंच, पण हे मोठं आहे. गेल्या आठवड्यात हमरापूरला हिरामणशेठच्या गणपती कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायला गेले होते. हल्ली मूर्तीला रंगवलेलं धोतर कोणाला चालत नाही, खऱ्या कापडाचं धोतर, शेला, फेटा लागतो. ते शिवायला त्यांच्या शेडमध्ये बायका ओळीने बसतात. एक मशीन टाका सोडत होतं. दोन मेस्त्री हात लावून गेले होते, प्रत्येकाने सुई बदलून पैसे घेतले. मी सुई आणि खालच्या हुकाचं टायमिंग बसवून दिलं. शेठ मागे उभे राहून बघत होते. निघताना म्हणाले, बाई, माझी आणि शेजारच्या तीन कारखान्यांची, सगळी मशिनं वर्षभर तुम्हीच सांभाळा. मी स्कूटीला किल्ली लावली ती चुकून डिकीची लावली, इतकी गडबडले.

अट एकच. जागेवर नीट होत नसेल ते मशीन उचलून न्यायचं आणि बदली मशीन ठेवून यायचं. स्कूटीवर कापडाच्या कडा शिवायचं जड ओव्हरलॉक मशीन कसं नेणार? रोह्यात एका डॉक्टरांची जुनी व्हॅन विकायची आहे, मी जाऊन बघूनही आले. चारचाकीचं लायसन गेल्या वर्षी काढलं तेव्हा तुमचे बंधू म्हणाले होते, आता विमानाचंही काढ. बँकेतले साहेब चांगलं बोलले, म्हणाले धंद्याचं इन्कम टॅक्स रिटर्न आणा, नफातोट्याचं पत्रक आणा, बघू. मी हो म्हणून आले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले, कारण मी रिटर्न कधी भरलेलंच नाही. शेठना जूनअखेर सांगायचंय, नाहीतर ते पनवेलच्या मेस्त्रीला काम देतील.

तुम्ही कर सल्लागाराच्या ऑफिसात आहात, म्हणून विचारते. माझा सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा. कोलाड, चणेरा, नागोठणं, कुठे कुठे जाते. सरकार ते पेट्रोल धरतं का? जेवायला बसलं की तुमचे बंधू म्हणतात, प्रणिताची सगळी कमाई गाडीच्या टाकीत जाते. मस्करीत म्हणतात, पण रोज म्हणतात. मला आता खरंच कळेनासं झालंय की मी कमावते की नुसती फिरते.

परवा तुमच्या दारावरून गेले आणि आत आले नाही, रागावू नका. लोभ आहेच, तो पेट्रोलच्या भावासारखा चढता राहो.

तुमची
प्रणिता

पेण
९ मे २०२४

चि. सौ. प्रणितास
अनेक आशीर्वाद.

काळुरामने भर ऑफिसात तुझं पाकीट दोन हातांनी दिलं, लग्नाची पत्रिका द्यावी तसं. सगळे बघायला लागले. मी वाचून हसले ते पाहून आमच्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझ्या भावजयीला चार कारखान्यांचं काम मिळालंय. ते म्हणाले, मग तिचं रिटर्न आपल्याकडेच भरा, आणि फी मागू नका. तेव्हा तुझं अर्धं काम झालं.

दारावरून गेलीस त्याचं मात्र लक्षात ठेवीन. मी त्या दिवशी घावणे केले होते.

आता पेट्रोलचं. अगो, धरतं म्हणजे काय, धरतंच. धंद्यासाठी जाळलेलं पेट्रोल हा धंद्याचा खर्च. वर्षभराच्या जमेतून आधी तो वजा होतो, सुटे भाग, तेल, दोरे वजा होतात, आणि उरतं ते तुझं उत्पन्न. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि गाडी झिजते तेही धरता येतं. नवी करपद्धत घेतली तरी यात फरक पडत नाही. लहान धंद्याला एक सोपा रस्ताही आहे, जमेच्या ठरावीक टक्के नफा दाखवायचा. मग पेट्रोल कोणी विचारत नाही आणि वेगळं वजाही होत नाही. बरेच जण तसंच करतात. पण तुझ्या बँकेतल्या साहेबांना नफातोट्याचं पत्रक हवंय, आणि त्या टक्क्यांत तुझी खरी मेहनत दिसायची नाही. म्हणून आपण पूर्ण हिशेब करू. उशीर लागेल, पण ताठ मानेने बँकेत जाशील.

एक गोष्ट मात्र कडक आहे. कामाचं पेट्रोल तेवढंच धरायचं. त्याच स्कूटीवरून तू भाजीला गेलीस, लग्नाला गेलीस, तर ते घरचं. ते हिशेबातून बाहेर. अगदी मीटरमीटर कोणी मागत नाही, पण वाटा खरा हवा आणि कोणी विचारलं तर सांगता यायला हवा. तेव्हा नीट आठव, तुझी गाडी कामाला किती धावते आणि घराला किती. पंपावरची बिलं असतील तेवढी पाठव. उन्हाने त्यांची शाई उडते, आधी फोटो काढून घे. गिऱ्हाइकांनी फोनवरून पैसे दिलेत ते बँकेत दिसतीलच, रोख मिळालेलेही सगळे सांगायचे, एकही लपवायचा नाही.

नितेशला का सांगत नाहीस ते कळलं. पण फार दिवस लपवू नकोस, तो तसा भोळा आहे आणि भोळ्या माणसाला शेवटी कळलं की फार लागतं.

माया आहेच, कागदावर मागायची गरज नाही.

तुझी
दिपिकाताई

अष्टमी
१७ मे २०२४

ती. दिपिकाताईंना
साष्टांग नमस्कार, वि. वि.

ताई, आठवडाभर मी जमिनीवर नाही. सोबत बिलं पाठवते. तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायची सवय होती म्हणून वाचली, थोडा वास येईल, साहेबांना सांभाळून घ्यायला सांगा.

कामाचा आणि घराचा वाटा काढायला मी एकटी बसले तर सगळं कामाचंच वाटायला लागलं. म्हणून आईंना विचारलं. त्यांना सगळं सांगितलं, हमरापूरचं, व्हॅनचंही. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली आणि म्हणाल्या, मग इच्यारतेस काय, लिव. आणि त्या एकेक सांगायला लागल्या. त्यांना डॉक्टरकडे नेते ते. छकुलीला शाळेत उशीर झाला की सोडते ते. अष्टमीत भाजी चांगली नसली की पुलापलीकडे रोह्याच्या बाजारात जाते ते. मामांच्या घरच्या साखरपुड्याला दोनदा गेलो, कारण पहिल्या दिवशी ताट घरी विसरलं होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे धाटावची कंपनी. तुमच्या बंधूंची पहिली पाळी असली की कंपनीची बस कोपऱ्यावर येते, पण त्यांना अजून थोडं झोपायचं असतं, म्हणून मी सोडायला जाते. पाळी सुटली की आणायलाही जाते, कारण बस सगळं गाव फिरून येते.

मी हे कधी मोजलंच नव्हतं. रस्त्यांची लांबी धरून बेरीज केली, दोनदा केली. टाकीतल्या पाच हिश्श्यांतले दोन हिस्से घरचे निघाले. म्हणजे ज्या पेट्रोलपायी रोज टोमणा ऐकते त्यातलं इतकं त्यांच्या स्वतःच्या झोपेसाठी जळतं. मला हसू आलं, मग रडू आलं, मग परत हसू आलं. उठवून सांगावंसं वाटलं, पण रात्रभर कंपनीत उभं राहून आलेल्या माणसाला पेट्रोलसाठी उठवणं बरं दिसलं नाही.

आईंना विचारलं, तुमचे डॉक्टर घरच्या वाट्यात टाकू ना? त्या म्हणाल्या, टाक गो बायो, पण माझं गुडघं सरकारला सांगू नको.

पाच हिश्श्यांतले तीन कामाचे, एवढंच धरा. कमी धरलं असेल तर असू दे, जास्त नको. सुट्या भागांची बिलं वेगळ्या पिशवीत आहेत. त्यात तीन बिलं या मे महिन्यातली चुकून आलीत, ती पुढच्या आर्थिक वर्षाची.

काल डॉक्टरांच्या दारात जाऊन व्हॅनमध्ये बसून आले. नुसतीच बसले. मागची सीट काढली की चार मशिनं आरामात राहतील. डॉक्टरीणबाईंनी सरबत दिलं आणि म्हणाल्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलंय.

तुमच्या आशीर्वादाची टाकी भरलेली असो.

तुमची
प्रणिता

पेण
२३ मे २०२४

चि. सौ. प्रणितास
अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेब साहेबांनी वाचला. साखरपुड्याचं ताट वाचून ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, असा खरा वाटा मी डॉक्टर-वकिलांकडूनही बघितला नाही. कुठल्या गावाला कितीदा गेलीस तेवढं एका महिन्याचं लिहून दे, म्हणजे आधार राहील.

आता दुसरी बातमी, ती बसून वाच. काल दुपारी नितेश ऑफिसात आला.

काळुरामच्या तोंडून त्याला कळलं. बिचाऱ्याने चांगल्या मनाने विचारलं होतं म्हणे, वहिनींचं टॅक्सचं काम झालं का. नितेश घामाघूम होऊन आला, हातात कापडी पिशवी. माझ्या टेबलावर उपडी केली. पेट्रोलच्या चिठ्ठ्या, ताई, म्हणाला, अजूनही आणीन. धाटावला त्याच्या पाळीतल्या मित्रांकडून आठवडाभर गोळा करत होता. प्रविणने एकट्यानेच मूठभर दिल्यात. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाला, माझ्या मिसेसचा धंदा मोठा आहे, सगळ्या तालुक्यात फिरते, तिला टॅक्स लागता कामा नये. चेहरा असा फुललेला की मला बोलवेना.

पण बोलावं लागलं. मी म्हटलं, नितेश, हे पेट्रोल प्रणिताने जाळलेलं नाही. तो म्हणाला, सगळे करतात. साहेब उठून आले, त्यांनीही शांतपणे सांगितलं की दुसऱ्याची बिलं लावणं खोटं आहे, सापडलं तर दंड तिला होईल, सही तिची असते. आणि तिला कर लागतच नाही, उत्पन्न करमाफीच्या मर्यादेच्या आत आहे. मग या चिठ्ठ्या लावून काय होईल? खर्च फुगेल आणि उत्पन्न तेवढं खाली जाईल. बँक म्हणेल, ही बाई कमावत नाही.

नितेशने पिशवी पुढे ओढली. चिठ्ठ्या एकेक करून पिशवीत भरल्या. मी चहा मागवला होता, तो न घेता गेला. मला फार वाईट वाटलं, पण परत वेळ आली तरी मी तेच करीन.

आम्ही त्यातली एकही चिठ्ठी घेतलेली नाही. रिटर्न तुझं आहे, तेव्हा तुला माहीत असावं म्हणून लिहिते. आता घरी काय झालं ते कळव. तिकडे माझा जीव लागून राहिलाय.

तुझी
दिपिकाताई

अष्टमी
१ जून २०२४

ती. दिपिकाताईंना
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुमच्या बंधूंकडे विषय काढला. आई देवळात गेल्या होत्या. मी आधी क्षमा मागितली, की लपवलं ते चुकलं. ते म्हणाले, सगळ्या अष्टमीला ठाऊक, काळुरामला ठाऊक, आईला ठाऊक, मला नाय.

मग पिशवीचा विषय निघाला. ते म्हणाले, मी तुझ्यासाठीच केलं. जेवताना बोलतो ते मला पण ठाऊक हाय, म्हणून केलं. प्रत्येक मित्राला सांगितलं की माझी बायको मशीनची मेस्त्री हाय, चार कारखाने घेतेय. आता कुठल्या तोंडाने चिठ्ठ्या परत देऊ?

ताई, मला काय वाटलं कसं सांगू? लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांनी माझ्या कामाचं नाव कुणापुढे घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि घेतलं ते अख्ख्या धाटावात. एक क्षण वाटलं, असू देत चिठ्ठ्या, लावू. त्यांचा मान राहू दे. पण मग डोळ्यापुढे उन्हातले सगळे रस्ते आले. मी म्हटलं, या पिशवीत जेवढ्या चिठ्ठ्या आहेत तेवढी माझी कमाई तुम्ही खोडायला निघालात. रोज जेवताना तोंडाने खोडता, आता कागदावर खोडणार.

ते उठून बाहेर गेले. तेव्हापासून कामापुरतं बोलतात. धाटावला कंपनीच्या बसने जातात. पहाटे अंधारात उठतात, स्वतःचा डबा भरतात, मी जागी झाले तरी गाडीची किल्ली काढत नाहीत. घरचं पेट्रोल एकदम कमी झालंय, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

आई म्हणतात, गप ऱ्हा, उतरंल. छकुली दोघांच्या मधे बसून जेवते.

महिन्याच्या फेऱ्या सोबत लिहून दिल्यात. रिटर्न भरा. फक्त खरं तेवढंच.

मन थोडं जड आहे, तरी तुमची आठवण हलकं करते.

तुमची
प्रणिता

अष्टमी
१८ जून २०२४

ती. दिपिकाताईंना
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही फोनवर ओटीपी मागितला तेव्हा मी चणेऱ्याला एका मशीनखाली आडवी होते, दोन्ही हात तेलाने माखलेले. ज्यांच्या घरी होते त्या वैशालीबाईंनी फोन धरला आणि आकडे मोठ्याने वाचले. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, मी तर अर्ध्या आळीला ऐकवला. मग तुम्ही म्हणालात, भरलं गो. मी तशीच पडून राहिले. वैशालीबाईंना वाटलं मला काही लागलं.

काल काळुरामदादांनी कागद आणून दिले. वर्षाचं उत्पन्न दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, भरायचा कर शून्य. पेट्रोल वजा जाऊन, ताई. सगळं वजा जाऊन एवढं उरलं. मी तो कागद आईंना दाखवला. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी बोट ठेवून विचारलं, यात तू खंय? मी आकड्यावर बोट ठेवलं.

आज सकाळी बँकेत गेले. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले, पेट्रोलचा वाटा वाचून विचारलं, घरचा हिस्सा वेगळा का काढला? मी सांगितलं, कारण तो घरचा होता. त्यांनी कागद नीट लावून ठेवले आणि म्हणाले, कर्ज होईल. पण पुढे म्हणाले, एकाच वर्षाचं रिटर्न आहे तेव्हा मिस्टरांचीही सही लागेल, कर्जदार म्हणून दोघं.

म्हणजे जो माणूस माझ्याशी बोलत नाही त्याचीच सही हवी. महिना संपायला थोडेच दिवस आहेत, आणि डॉक्टरीणबाईंचं दुसरं गिऱ्हाईक रोज फोन करतं. तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतील.

उत्तर काळुरामदादांकडे लगेच द्या. आनंद आणि भीती एकाच डब्यात भरून पाठवते आहे, सांडू नये.

तुमची
प्रणिता

पेण
१९ जून २०२४

चि. सौ. प्रणितास
आशीर्वाद.

मी सांगणार नाही. रागावू नकोस. मी सांगितलं तर तो सही करेल, पण ती मोठ्या बहिणीच्या धाकाने केलेली होईल आणि व्हॅन कायम त्याच्या डोळ्यात सलेल.

लहानपणी नितेश रुसला की ताटापाशी येऊन बसायचा, पण जेवायचा नाही. आई त्याला जेव म्हणायची नाही, नुसतं वाढायची. तूही त्याला समजावू नकोस. सुट्टीच्या दिवशी हमरापूरला घेऊन जा. म्हण, एक मशीन आणायचंय, मला एकटीला झेपत नाही. ते खरंच आहे ना? मग झालं.

आणि येताना या वेळी तरी दारावरून जाऊ नका.

तुझी
दिपिकाताई

अष्टमी
१४ जुलै २०२४

ती. ताईस
नितेशचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेत निबंधाला मला चार मार्क मिळायचे. पण तुम्ही दोघींनी आपसात एवढी पत्रं लिहिली आणि त्यात माझंच नाव जास्त, तेव्हा एक माझ्याकडूनही जाऊ दे.

त्या दिवशी आम्ही तुझ्याकडे ओले होऊन आलो आणि मी काही बोललो नाही, त्याचं सांगतो. प्रणिता म्हणाली, हमरापूरहून एक मशीन आणायचंय. मी म्हटलं, चल. मागे बसून गेलो. इतक्या वर्षांत तिच्या मागे बसून मी फक्त धाटावपर्यंत गेलेलो, आणि तेही अर्धा झोपेत. वडखळला ट्रकच्या रांगेतून ती अशी गाडी काढत होती की मी दोनदा डोळे मिटले. कमरेत दुखायला लागलं तेव्हा अजून पेणही आलं नव्हतं. अशा लांबच्या फेऱ्या ती आठवड्यातून दोनदा करते. मी मनात म्हटलं, नितेश, तुला हे ठाऊक नव्हतं.

कारखान्यात शिरलो तर बायका मशीन थांबवून उठल्या. आल्या आल्या, म्हणाल्या. हौसाबाई म्हणून एक म्हातारी आहे, फेट्याला जरीची पट्टी लावते. तिने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुमीच काय ते, जेवताना पेट्रोल मोजणारे? सगळी शेड हसली. प्रणिता मशीनमध्ये डोकं घालून बसली. मला राग यायला पाहिजे होता. पण मी पण हसलो, काय करणार.

येताना ओव्हरलॉक मशीन मी मांडीवर घेतलं. त्याचं वजन पहिल्यांदा काही वाटत नाही, नागोठण्याला पोचेपर्यंत मांड्या बधिर होतात. मशीन प्लास्टिकमध्ये सुकं आणि मी वरून भिजलेला. नागोठण्याच्या पंपावर ती थांबली. माझी सही लागते हे मला आईने सांगितलं होतं. मी म्हटलं, बँकेचा कागद कुठाय? ती म्हणाली, घरी आहे. मी म्हटलं, मग हळू नको चालवू.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तसाच बँकेत गेलो आणि सही केली. साहेबांनी विचारलं, तुम्हाला यात काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाय. पंचवीस जूनला शेठना तिने होकार कळवला. चिठ्ठ्यांची पिशवी मी ज्याची त्याला परत दिली. प्रविण म्हणाला, काय झालं रे, सरकारला पुरल्या नाय? मी सांगितलं, माझ्या बायकोचं रिटर्न तिच्या स्वतःच्या पेट्रोलवर भरलं. तो म्हणाला, मग माझ्या बायकोचं पण विचारशील का, ती डबे पोचवते. ताई, ते तू बघ.

जेवतानाचं बोलणं बंद केलंय. आई म्हणाली, आता ह्यो जेवताना बोलतच नाय, आजारी हाय काय.

व्हॅन गुरुवारी आली. डॉक्टरीणबाईंनी ओवाळून किल्ली दिली. मला चारचाकी येत नाही हे तू जाणतेसच, तेव्हा चालवायला प्रणिता, पुढे शेजारी आई, तिच्या मांडीवर छकुली, आणि मी मागे, जिथली सीट काढलीय तिथे पोत्यावर. कुंडलिका नदीच्या पुलावर आईने काच खाली केली आणि ओळखीचं जो दिसेल त्याला हाक मारली. प्रणिता म्हणत होती, आई, हात आत घ्या. आई काही ऐकत नव्हती.

आज सुट्टी होती म्हणून पहिल्या खेपेला मी पण हमरापूरला गेलो. दोन मशिनं द्यायची, तीन आणायची. तिने गाडी शेडला लावली, उतरली, आणि सरळ आत जाऊन कामाला लागली. मी मागचं दार उघडून मशीन उतरवत होतो. रस्त्यावरून एक माणूस आला, दुसऱ्या कारखान्याचा असावा. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मॅडमचे हेल्पर काय?

मी मशीन नीट धरलं आणि म्हटलं, व्हय.

पत्रात काही चुकलं असेल तर तुझ्या भावजयीकडून दुरुस्त करून घे, तिला सगळं दुरुस्त करता येतं.

तुझा
नितेश